मुंढ्याशी कापलेली पत्रं

टाचणीताईच्या दुकानात जरा वाकूनच शिरावं लागतं. दार चांगलं उंच आहे, पण दारातच दोरीवर फर्मे टांगलेत. फर्मा म्हणजे कपडा बेतायचा कागद. एक बाहीचा, एक पाठीचा, एक कॉलरचा. कापडावर ठेवायचा, खडूने कडेकडेने रेघ मारायची आणि कात्री चालवायची. बाकीचे शिवणारे हे फर्मे जुन्या वर्तमानपत्रांचे नाहीतर खाकी कागदाचे करतात. टाचणीताईकडचे जुने फर्मे, अगदी आतल्या खिळ्याला अडकवलेले, जाड पिवळट कागदाचे आहेत आणि त्यांच्यावर शाईने काहीबाही लिहिलेलं आहे. गिऱ्हाईक वाचायला वाकलं की ही ओरडते, "हात नको लावू! ते माझे वडील आहेत."

नवं गिऱ्हाईक दचकतं, जुनं हसतं. टाचणीताई मात्र हसत नाही.

तिचं खरं नाव सरकारी कागदांवर असेल तेवढंच. गल्लीत ती टाचणीताई. एक तर दिवसभर ओठांत टाचण्या. दुसरं म्हणजे सत्तरी ओलांडली तरी बाई अजून बारीक आणि ताठ. तिसरं कारण, ज्याने कपडा टाकून "कधी मिळेल?" असं दोनदा विचारलंय त्याला ठाऊक आहे. ओठांतल्या टाचण्या न सांडता ती माणसाला असं काही बोलते की तो कपडा न घेताच घरी जातो. पण दुसऱ्या दिवशी परत येतो, कारण तिच्यासारखी कॉलर कोणाला बसवता येत नाही. लग्न केलं नाही. का, असं विचारायची हिंमत फक्त शेजारच्या इस्त्रीवाल्याने केली होती, तीही तरुणपणी. "माप बसलं नाही," एवढं सांगून तिने त्याला वाटेला लावलं. तो तेव्हापासून शेजारीच आहे, रोज भांडतो आणि रोज तिच्यासाठी चहा सांगतो.

तर, ते वडील. ते बाजारातल्या मोठ्या काट्यावर धान्य तोलायचे म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. घेणारा आणि देणारा एकमेकांचे गळे धरायला उठले असले तरी काटेवाल्यांनी आकडा सांगितला की दोघं गप्प बसायचे. पुढे जुनं राज्य गेलं, नवं सरकार यायचं ठरलं, आणि प्रत्येक भागाने पहिल्या सभागृहात आपला एकेक माणूस पाठवावा असा निरोप आला. बाजारात बोलणारे खंडीभर होते. पण ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास बसेल असा माणूस एकच निघाला. काटेवाले नको-नको म्हणत होते. घरी बायको नुकती बाळंत झालेली, कुशीत तान्ही मुलगी. शेवटी लोकांनी त्यांची पेटी बांधून त्यांना गाडीत बसवलं. जाताना ते म्हणाले होते म्हणे, "मी तिकडे बोलायला जात नाही. तोलायला जातोय." हे वाक्य गल्लीत अजून सांगतात, आणि सांगताना प्रत्येकजण आपलं थोडं त्यात घालतो.

राजधानी लांब. आठवड्याला एक पत्र यायचं. काटेवाल्यांच्या बायकोला अक्षरओळख नव्हती, म्हणून ती पाकीट उचलून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात न्यायची. दुकानदार काकांचा आवाज खणखणीत. ते गल्ल्यावरून उठायचे, चष्मा चढवायचे आणि पायरीवर उभे राहून वाचायला लागायचे. बघता बघता गर्दी. बायकोला आलेलं पत्र आणि ऐकायला अख्खी गल्ली! पण कोणाला त्यात वावगं वाटत नसे. माणूस सगळ्यांनी मिळून पाठवलेला, मग त्याचं पत्रही सगळ्यांचंच. बायको आपली मागे, पोत्यांच्या आडोशाला, पोर कडेवर घेऊन ऐकत उभी राहायची. वाचून झालं की काका पत्राची घडी घालून तिच्या हातात द्यायचे आणि लोक सरकारवर वाद घालत घरोघर जायचे.

दुसऱ्या वर्षी काटेवाले तिकडेच तापाने गेले. त्या काळची वाट आणि त्या काळचं टपाल, बातमी पोचली तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. बायकोने माणूस जाताना पाहिला तो गाडीतच, त्यानंतर नाही. फोटो म्हणाल तर एकही नाही.

मग पोट. बाईने उसनं मशीन आणलं आणि शिवायला बसली. कपडा बेतायला फर्मा लागतो आणि फर्म्याला कागद. कागद तेव्हा मिळत नव्हता, मिळाला तर परवडत नव्हता. घरात कागद एकच होता. सभागृहाचा, जाड, पाण्याला न भिणारा, हाताला कडक. तिने पत्रं उलगडली, डिंकाने एकाला एक जोडली आणि कात्री चालवली. बाही, पाठ, कॉलर, खिसा. उरलेल्या चिंध्या चुलीत.

टाचणीताई त्या फर्म्यांवरच वाचायला शिकली. शाळेत मुलं धड्यातली वाक्यं वाचायची, ही घरी येऊन बापाची अर्धी वाक्यं वाचायची. डाव्या बाहीवर आहे, "छप्पर गळतं म्हणून काल मंत्री आणि मी बादल्या सरकवत". पुढे मुंढा आला, म्हणजे बाही खांद्याला जोडायची गोलाई, आणि वाक्य संपलं. पाठीवर दोन ठिकाणी अक्षर उभं आणि एका ठिकाणी आडवं. "खुर्च्या अजून आल्या नाहीत. ज्याला बाक मिळतो तो सरकारच्या बाजूचा आणि जो उभा राहतो तो विरोधी, असा विनोद". कॉलरवर, "हात वर करून मत द्यायचं ठरलं तर काहींनी दोन्ही हात". खिशावर फक्त, "सरकार म्हणजे काय ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही, पण सगळे घाबरून शहाण्यासारखे वागतात". हे मात्र पूर्ण आहे. शर्टाचा खिसा चौकोनी असतो, त्याची कृपा.

या फर्म्यांवर तिने अर्ध्या गल्लीचे शर्ट बेतले. बादल्यांवरून किती बाह्या निघाल्या असतील, देव जाणे. पण एक गोष्ट तिच्या मनात लहानपणापासून रुतून बसली होती आणि ती निघता निघत नव्हती. इतक्या सगळ्या कागदावर ती स्वतः कुठेच नव्हती. मंत्री होते, बादल्या होत्या, घंटा हरवल्यावर अध्यक्षांनी टेबलावर आपटलेला जोडासुद्धा होता. पोर नव्हती. "पोर कशी आहे" एवढं साधं तीन शब्दांचं वाक्य बापाने लिहू नये?

मग तिने ठरवून टाकलं की ते वाक्य होतं आणि ते चिंध्यांत गेलं. आईने नेमकं तेच कापलं. वयात आल्यावर तर तिने आईला यावरून सळो की पळो करून सोडलं. "तू बाबांना कापून चुलीत घातलंस!" असं एकदा म्हणाली. आई काज करत होती. तिची सुई थांबली नाही. "माझ्याबद्दल लिहायचे का ते? सांग ना!" यावर आई म्हणाली, "ते काय लिहायचं असतं?" बस्स. यापुढे एक शब्द नाही. टाचणीताईला वाटलं, म्हणजे लिहिलेलं नव्हतंच. आई लपवतेय. आई गेली तेव्हाही हे दोघींच्या मधे तसंच पडून होतं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, सभागृहाच्या ग्रंथालयातली एक बाई गल्लीत पत्ता विचारत आली. खांद्याला पिशवी, पायात धुळीने भरलेल्या चपला. इस्त्रीवाल्याने तिला थेट आणून दुकानात उभं केलं, जणू त्यानेच शोधून काढली.

"आजी, तुम्ही पहिल्या सभागृहातल्या काटेवाल्यांच्या—"

"आजी कोणाला म्हणतेस?" टाचण्यांमधून आवाज आला.

"ताई," ग्रंथालयवाली चटकन म्हणाली. हुशार होती. "ताई, पहिल्या सभासदांनी घरी लिहिलेली पत्रं आम्ही गोळा करतोय. सभागृहात कोण काय बोललं ते सगळं छापलेलं आहे. पण बाहेर आल्यावर ही माणसं काय म्हणत होती, घाबरली होती की खुशीत होती, जेवत कुठे होती, ते कुठे म्हणजे कुठे नाही. ते फक्त घरच्या पत्रांत सापडतं. तुमच्या वडिलांची आहेत का काही?"

"आहेत की. पण ती वाचायची नाहीत, घालायची आहेत." टाचणीताईने काठीने आतल्या खिळ्यावरचा गठ्ठा काढला आणि टेबलावर टाकला.

ग्रंथालयवालीने पहिली बाही उचलली, उलटली, पालटली. तिचा चेहरा पडला. "अरेरे! हे असं कापलं कोणी?"

आता बघा माणसाचं मन. जिने जन्मभर आईला याच गोष्टीसाठी धारेवर धरलं, तीच फणकारली. "अरेरे काय? माझ्या आईने कापलं. त्याच्यावर मी जेवले, शिकले, मोठी झाले. तुमच्या सरकारने पाठवलं होतं का काही, आमचा माणूस मेल्यावर?"

"नाही पाठवलं," ग्रंथालयवाली खाली मान घालून म्हणाली.

खरं बोलली म्हणून टाचणीताईने तिला स्टूल दिलं. मग दोघींनी सगळे तुकडे टेबलावर मांडले. पाठीला बाही लावली, बाहीला कफ, आणि जिथे अक्षर जुळलं तिथे ग्रंथालयवाली लहान मुलीसारखी ओरडायची. "ताई! छप्पर गळत होतं हे कुठेच नोंदलेलं नाही! आमच्या पुस्तकांत त्या दिवशी 'कामकाज लवकर तहकूब' एवढंच आहे." इस्त्रीवाला दारातून म्हणाला, "म्हणजे माझ्या शर्टाच्या बाहीवर राज्याचा इतिहास आहे म्हणा की!" टाचणीताईने त्याला नजरेनेच परत धाडलं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तिने ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. हे ती फक्त जेवताना करते.

"एक विचारू? तुझ्याकडे दुसऱ्यांचीही पत्रं येत असतील. त्यात आमच्या वडिलांचं काही?"

ग्रंथालयवाली म्हणाली, "वसतिगृहात त्यांच्या खोलीत एक मास्तर होते. तेही सभासद. त्यांच्या नातवंडांनी पेटीभर पत्रं आणून दिलीत, मास्तरांनी बायकोला लिहिलेली. अजून वाचून व्हायचीत. अक्षर फार बारीक आहे. पण वर वर चाळताना 'काटेवाला' असं दिसलं होतं मला."

टाचणीताईचा हात टेबलाच्या कडेवर गेला. "त्यात बघ. माझ्याबद्दल कधी काही बोलले का ते. बाकी मला काही नको. मी होते हे त्यांच्या ध्यानात होतं का, एवढंच. हे सगळे फर्मे तू घेऊन जा मग, फुकट."

"अट नको, ताई. नसलंच तर?"

"नसलं तर नाही म्हणून सांग. मी काय रडत बसणार नाही. पण बघून सांग. न बघता माझं समाधान करू नकोस."

ग्रंथालयवाली गेली आणि टाचणीताईची जी अवस्था झाली ती गल्लीने आधी पाहिली नव्हती. रस्त्यावर चपला वाजल्या की मशीन थांबायचं. टपालवाला दिसला की उगाच दारात येऊन झाडू मारायची. एकदा आरशासमोर उभी राहून आपलं नाक बघत होती, हे असंच असेल का त्यांचं म्हणून. आईचं तर बसकं होतं. मग या वयात काय हे, म्हणून स्वतःवरच चिडली आणि आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला. कामात लक्ष असं नव्हतंच. इस्त्रीवाल्याच्या कोटाला तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तो कोट चढवून गल्लीभर फिरला, सगळ्यांना दाखवत. "बघा, सभागृहात दोन्ही हात वर करायला शिवलाय!" एरवी तिने त्याला सोलून काढला असता. या वेळी नुसती म्हणाली, "दे इकडे, उसवते." इस्त्रीवाल्याची थट्टा तिथल्या तिथे विरली. त्याने कोट काढून दिला आणि कधी नव्हे तो गप्प जाऊन निखारे फुंकत बसला.

रात्री अंथरुणावर पडली की तिला एकच वाटायचं. कोणीतरी बापाचा आवाज ऐकलेला माणूस, त्याच्याच शेजारच्या पलंगावर झोपलेला, आणि त्याचे कागद त्या बाईच्या कपाटात आहेत. इतक्या जवळ ती बापाच्या कधीच आली नव्हती. आणि मधे फक्त बारीक अक्षर.

ग्रंथालयवाली परत आली ती सकाळी, दुकान उघडताना. पिशवीतून तिने झेरॉक्स काढल्या. इस्त्रीवाला लगेच दारात.

"तू जा," टाचणीताई म्हणाली.

"मी काय बोलतोय का?"

"तुझ्या इस्त्रीखाली कोणाचा तरी शर्ट जळतोय. जा म्हटलं ना. आजचं पत्र एकटीचं आहे माझ्या."

तो गेला. तिने दार लोटून घेतलं आणि स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली, शाळेत बसतात तशी. ग्रंथालयवाली वाचायला लागली. मास्तर आपल्या बायकोला लिहीत होते.

"आमच्या खोलीतला काटेवाला अजब गडी आहे. दर आठवड्याला घरी पत्र लिहितो आणि त्यात नुसतं सरकार. मी म्हटलं, अरे, बायकोला कोणी गळक्या छपराबद्दल लिहितं का? तर म्हणतो, मास्तर, माझं पत्र दुकानाच्या पायरीवर वाचलं जातं. त्यात पोरीचं नाव काढलं तर अख्खी गल्ली ऐकणार आणि माझी बायको लाजेने मरणार. चारचौघांत सांगण्यासारखं तेवढंच लिहितो. बाकीचं तिला कळतं."

ग्रंथालयवालीने पान उलटलं.

"तिची पत्रं तर त्याहून भारी. पाकिटावर पत्ता कुणा दुकानदाराच्या हातचा आणि आत एक अक्षर नाही. पोरीचा हात कागदावर पालथा ठेवते, भोवती कोळशाने रेघ काढते आणि पाठवते. झालं पत्र. हा ते सगळे पलंगाशी भिंतीला लावतो. नवीन आलं की जुन्यावर ठेवून उजेडाकडे धरतो आणि बोटं किती वाढली ते मला दाखवतो. मला बघावंच लागतं. काल तर कहर केला. सभागृहात दिवसभर कडाक्याचं भांडण झालं, कोणी कोणाचं तोंड बघेना, आणि जिन्यात याने खिशातून कागद काढून चक्क मंत्र्याला दाखवला. मंत्री काय म्हणाला माहीत आहे? माझ्या मुलाचा हात याहून मोठा आहे. मग दोघं जिन्यातच बसले."

ग्रंथालयवालीने मान वर केली. टाचणीताई आपला उजवा हात उलटा करून बघत होती. कात्रीने अंगठ्याला घट्टा पडलेला, बोटं सांध्यात वाकलेली. नखांच्या कडेला खडू.

"म्हणजे आईने फर्मा काढला माझा," ती म्हणाली. "आणि मला सांगितलं नाही गं. मी तिला चुलीवरून, कात्रीवरून इतकं इतकं बोलले. एकदा तरी सांगायचं! 'ते काय लिहायचं असतं' म्हणाली नुसतं." ती उघडपणे रडली, पदर-रुमाल काही न शोधता. "आई गं, अशी कशी होतीस तू?"

ग्रंथालयवालीने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर टाचणीताईने नाक ओढलं. "ते हाताचे कागद? ते आहेत का तुझ्याकडे?"

"नाहीत. ताई, अजून एक पत्र आहे. पण ते..."

"न बघता समाधान करू नकोस म्हटलं होतं मी. वाच."

"काटेवाला घरी निघाला होता. पेटी भरून झाली होती. म्हणत होता, पोर आता बोलायला लागली असेल मास्तर, एकदा तिच्या तोंडून 'बाबा' ऐकतो आणि परत येतो. तेवढ्यात वजनमापांचा कायदा चर्चेला आला. सगळीकडे एकच वजन, कोणाच्या घरचा दगड चालणार नाही. याला सोडून तो कायदा कोणाला कळणार? आणि मतं इतकी काठावर होती की एक माणूस गेला असता तर पडला असता. मीच त्याला अडवलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात जा, पोर कुठे पळून जाते? तो बराच वेळ पेटीवर बसून राहिला. मग उठून कपडे परत खुंटीला लावले. कायदा एका मताने झाला. आज तिसरा दिवस, त्याला ताप आहे."

टाचणीताईने हात पुढे केला. ग्रंथालयवालीने शेवटचा कागद तिच्याकडे दिला. ते पत्र लहान होतं, तिने स्वतःच वाचलं, ओठ हलवत. "काटेवाला गेला. ते हाताचे कागद मी भिंतीवरून काढून त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवले, त्याच्याबरोबरच जाऊ दे म्हटलं. त्याच्या घरी पत्र लिहायला बसलो, पण ते पायरीवर वाचतील, तिथे मी कसं सांगू की त्याला मी थांबवलं? तूही कोणाला सांगू नकोस."

बाहेर भाजीवाली कोणाशी तरी हुज्जत घालत होती, वजन बरोबर आहे, हवं तर दुसरीकडे तोलून बघ म्हणून. दोघींनाही ऐकू आलं.

"एका मताने?" टाचणीताईने विचारलं.

"एका."

"मग थांबायला हवंच होतं त्यांनी." ती उठली, कापडाचा तागा उगाच इकडून तिकडे ठेवला, परत बसली. "हवंच होतं. कोणीही हेच सांगेल. पण मला यायला हवे होते गं ते. पडला असता कायदा तर पडू द्यायचा होता. पुढच्या वर्षी केला असता कोणीतरी. मी हे बोलू नये, कळतंय मला. पण आठ दिवस फक्त. गाडीत बसले असते तर माझ्याकडे आले असते."

टाचणीताईने स्वतःच फर्म्यांचा गठ्ठा एका जुन्या चादरीत बांधला. गाठ मारताना एकदा थांबली, मग घट्ट मारली. "ने. दिलं म्हणजे दिलं. बादल्यांची बाही मला पाठ आहे, खाकी कागदावर काढून घेईन."

"आम्ही हे काचेखाली ठेवू. खाली एक ओळ लिहावी लागते, घरच्यांच्या शब्दांत. वडिलांची काही आठवण, किंवा तुम्हाला जे वाटेल ते." ग्रंथालयवालीने पेन काढलं. "काय लिहू?"

टाचणीताईने उशीतून एक टाचणी काढली, परत खोचली.

"लिही, मुलगी बोलायला लागली होती."

ग्रंथालयवालीने लिहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "त्यांना ऐकायचा होता तोच शब्द आला का, ताई, पहिल्यांदा?"

"तोच." टाचणीताई हसायला गेली, कारण ही गोष्ट गल्लीत कायम हसतच सांगितली जायची आणि तीही हसतच सांगायची. आज ते जमेना. "मी आईच्या कडेवर होते. दुकानदार काका पायरीवर पत्र वाचत होते, सगळे जमलेले. मी हात पुढे केले आणि काकांनाच बाबा म्हणाले. पत्र तेच बोलायचे ना, मला वाटलं हेच ते."